येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी



पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरील जकातनाके पुष्कळांच्या स्मरणांत असतील. १ एप्रिल २०१३ पासून तेथील जकात गेली. नाक्यावर शहरांत येणारा माल अडवीत. बाहेर जाणाऱ्या मालावर जकातच नव्हती. आज भोसरी-चाकणच्या कारखान्यांत संगणकांच्या जाळ्याच्या तोंडाशीं जी 'फायरवॉल' बसवितात, तिचीही बहुधा हीच रीत असते. आणि माझ्या मतें खरा धोका तेथेंच आहे. (तिला 'अग्निभिंत' असेंही म्हणतात, पण कारखान्यांत हा शब्द चालेलसें वाटत नाहीं.)

प्रत्येक संगणकास क्रमांक दिलेलीं हजारों दारें असतात. संकेतस्थळ पाहण्याचें ४४३, दुरून संगणक चालविण्याचें ३३८९, इत्यादि. आलेल्या निरोपाचा पत्ता, दार व दिशा पाहून फायरवॉल नियमांची यादी ताडते. बहुतेक ठिकाणीं यादी वरून खालीं वाचली जाते व पहिला लागू पडणारा नियमच अंतिम ठरतो. म्हणून 'सर्वांस मुभा' हा नियम वर राहिला, कीं खालचे निर्बंध व्यर्थ. शेवटचा नियम 'उरलेलें सर्व बंद' हाच हवा.

यंत्र पुरविणाऱ्यांच्या इंजिनियरास दुरून दुरुस्ती करतां यावी म्हणून ३३८९ दोन दिवसांपुरतें उघडतात. दुरुस्ती होते, दार उघडेंच राहतें. असलीं दारें चाचपीत खंडणीखोर रात्रंदिवस हिंडत असतात. या शहरास त्यांची ओळख आहेच: २०२१ सालीं स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरांवर खंडणीचा हल्ला होऊन निगडी पोलिसांत फिर्याद नोंदली गेली.

आतां बाहेर जाणाऱ्यांविषयीं. एखाद्या पत्राबरोबर शिरलेला विषाणू प्रथम आपल्या धन्यास बाहेर निरोप धाडून हुकूम मागतो, मग कारखान्याचीं रेखाचित्रें पाठवितो. हिशेबनिसाच्या संगणकास जीएसटीचें व बँकेचें संकेतस्थळ लागतें. लेथ चालविणाऱ्या संगणकास बाहेर जाण्याचें कारणच काय? तेव्हां ज्यास जेथें जाणें अवश्य, तेवढेंच मोकळें ठेवावें. परंतु घाई नको. आठवडाभर नुसती नोंद घ्यावी, कोण कोठें जातो तें पाहावें, मगच दार लावावें. नाहीं तर ऐन वेळीं ई-वे बिल निघत नाहीं, भरलेला ट्रक फाटकांत उभा राहतो, आणि मालक रागानें सगळेंच उघडावयास सांगतात!

२७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' विषाणूनें न्हावाशेवा बंदरांतील मर्स्कच्या टर्मिनलाचें काम बंद पाडलें. तो प्रथम पसरला युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रणालीच्या सुधारणेबरोबर, म्हणजे परवानगीच्या दारानें. पुढें जाळ्यांतल्या जाळ्यांत फैलावला. यास्तव फाटकावरची एक भिंत पुरत नाहीं. कचेरी व यंत्रशाळा यांच्या मध्येंही दुसरी हवी. यंत्रांच्या नियंत्रकांत रूढ असलेली जुनी मॉडबस भाषा तर हुकूम देणाऱ्यास परवलीचा शब्दही विचारीत नाहीं. लहान कारखान्यांत दोहोंच्या तारा पुष्कळदां एकाच स्विचांत गेलेल्या आढळतात. त्या आधीं वेगळ्या कराव्या लागतील, आणि त्या कामास भोसरींत गुरुवारची सुट्टी सोयीची.