अखेरच्या शुश्रूषेची पारख

(वार्षिक स्नेहसंमेलनात धायरी येथे दिलेले व्याख्यान)



आजचा प्रसंग आनंदाचा आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच झाला, आत भोजनाची सिद्धता चालू आहे, आणि अशा वेळी आम्ही असाध्य रोग्याच्या शुश्रूषेचा विषय घेऊन उभे राहावे, हे कित्येकांस रुचणार नाही. चिटणीसांनी आम्हांस ‘शिक्षण व संस्कार’ हा विषय सुचविला होता. त्यावर आम्ही गेली अनेक वर्षे बोलत आलो आहोत व ऐकणाऱ्यांस तो पाठही झाला आहे. परंतु गेल्या दोन वर्षांत धायरी, नऱ्हे व वडगाव या भागांतील आपल्याच ज्ञातीच्या काही घरांत आम्ही समाचारास गेलो असता जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

मुलीस स्थळ पाहावयाचे झाले म्हणजे आपण किती चौकशी करतो! मुलाचे शिक्षण, नोकरी, घरदार तर पाहतोच. पण त्याच्या मामाच्या मामापर्यंत माणसे धाडतो. आणि ज्या जन्मदात्याचे शेवटचे दोन महिने कोणाच्या तरी स्वाधीन करावयाचे, त्या ‘कोणाची’ चौकशी किती? रुग्णवाहिकेच्या चालकाने नाव सांगितले, किंवा सिंहगड रस्त्यावर पाटी दिसली, एवढ्यावर निर्णय होतो. याचा दोष कोणा एकास देता येत नाही. ती वेळच अशी असते की, घरातील माणसे कित्येक रात्री जागलेली असतात व विचार करण्याचे त्राण उरलेले नसते. यास्तव ही चौकशी वेळ येण्यापूर्वी करून ठेवावी, एवढेच सांगण्यास आम्ही उभे आहोत.

पूर्वी ही गरज भासत नसे काय? भासत असे, पण घर ती भागवीत असे. आमच्या लहानपणीची धायरी म्हणजे धारेश्वराचे देऊळ आणि भोवतालची शेते. आजारी माणसाचे अंथरूण पडवीत असे व जाणारा-येणारा दोन शब्द बोलून जाई. १९९७ साली गावाचा काही भाग पुणे महानगरपालिकेत गेला, उरलेला २०१७ साली गेला. आता आपली बहुतेक कुटुंबे इमारतींतून राहतात. चौथ्या मजल्यावरून रोग्यास स्ट्रेचरवर उतरवावयाचे तर कित्येक इमारतींच्या उद्वाहनात स्ट्रेचर मावत नाही. खुर्चीत बसवून न्यावे लागते. मुलगा हिंजवडीस किंवा परदेशी, सून नोकरीस, नातवंडे शाळेत. मग पैसे घेऊन शुश्रूषा करणाऱ्यांच्या पाट्या लागल्या, यात नवल नाही.

या पाट्यांमागे निरनिराळ्या तीन गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत होते. एक ब्यूरो. तेथून बारा तासांच्या पाळीवर मावशी किंवा मामा मिळतात. कित्येक मावश्या मायेने सेवा करतात, पण त्या परिचारिका नव्हेत. दुसरे म्हणजे वृद्धाश्रम, जेथे ‘अंथरुणास खिळलेले रुग्ण स्वीकारले जातील’ असे लिहिलेले असते. तिसरी सेवा या दोहोंहून अगदी निराळी आहे. तिला डॉक्टरमंडळी पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपण उपशामक शुश्रूषा म्हणू. रोग बरा होणार नाही हे मान्य करून रोग्याचे दुःख कमी करण्याचे ते शास्त्र आहे, आणि त्यास शिक्षण लागते.

या शास्त्राच्या आजच्या स्वरूपास इंग्लंडमध्ये आरंभ झाला. सिसिली साँडर्स ही बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झाली. तिने १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, संसाराच्या काळजीची आणि श्रद्धेचीही असते, आणि या सर्वांकडे एकदम पाहावे लागते, हे तिचे सांगणे. आपल्या देशातील पहिले असे गृह मुंबईस वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ‘शांती आवेदना सदन’ या नावाने उघडले. पुढे गोव्यातही त्याची शाखा झाली. आणि आपल्या अगदी दारात म्हणावे असे, वारज्यास महामार्गालगत, सिप्ला या औषधी कंपनीच्या प्रतिष्ठानाचे उपशामक शुश्रूषा व प्रशिक्षण केंद्र १९९७ पासून चालू आहे. मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांची तेथे विनामूल्य सेवा होते, आणि घरच्या माणसास शुश्रूषा कशी करावी हे शिकविले जाते. वेदना आटोक्यात आली की कित्येक रुग्ण तेथून आपल्या घरी परततात.

हे वाक्य आम्ही मुद्दाम सांगतो. आम्ही गेलो त्या घरांपैकी काहींस या केंद्राचे नावच ठाऊक नव्हते. ज्यांस ठाऊक होते ते म्हणाले, “मास्तर, तिथे नेले म्हणजे आम्ही आशा सोडली असे लोक म्हणतील.” लोक काय म्हणतील या भयाने एका गृहस्थास त्यांच्या कुटुंबाने सहा आठवडे कण्हत ठेवले. लोक म्हणजे कोण? आज या सभागृहात बसलेले आपणच.

आता पारख कशी करावी ते सांगतो. शिक्षकास तपासणी म्हणजे काय ते चांगले ठाऊक असते. विस्तार अधिकारी येणार असे पत्र आले की भिंतींस चुना लागे, फळ्यावर सुविचार येई आणि मुले धुतलेले गणवेश घालून येत. त्या दिवशीच्या शाळेवरून शाळा कळत नसे. शुश्रूषागृहाचेही तसेच आहे. व्यवस्थापकांनी दिलेल्या वेळी जाऊ नये. एकदा दिवसा जावे आणि एकदा रात्री साडेनऊनंतर जावे. आवारातील बाग, देवघर व दूरचित्रवाणी संच यांकडे पाहू नये. नाकाने वास घ्यावा व कानाने ऐकावे. कोणी कण्हत आहे काय? असल्यास किती वेळाने कोणी उठून जाते? आम्ही एके ठिकाणी घड्याळ लावून बसलो होतो. चाळीस मिनिटे झाली तरी कोणी उठले नाही.

सर्वांत मोठा प्रश्न रात्रीचा आहे. संस्थेच्या प्रमुखास असे विचारावे: “रात्री दोन वाजता आमच्या वडिलांस असह्य वेदना झाल्या तर काय कराल?” याचे उत्तर ज्यास चटकन देता येत नाही, त्याच्या उरलेल्या माहितीपत्रकास काही किंमत नाही. “डॉक्टर फोनवर असतात” हे उत्तर नव्हे. रात्री कोण जागे असते, औषधाचे कपाट कोण उघडतो, आणि औषधाचा लेखी आदेश आधीच दिलेला असतो काय, हे विचारावे.

येथे मॉर्फिनविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. ते अफूपासून होते व तीव्र वेदनेवर अत्यंत उपयोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची जी रीत १९८६ साली प्रसिद्ध केली, तिच्या वरच्या पायरीवर ते आहे. आपल्या मध्यप्रदेशात, राजस्थानात व उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते, नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते, परदेशीही जाते. आणि आपल्याच देशातील रोगी मात्र तळमळत राहिले, कारण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर रुग्णालयांस हे औषध ठेवण्यास अनेक परवाने लागू लागले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांस ते ठेवणे सुलभ झाले. म्हणून विचारावे: “तुमच्या संस्थेस मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे काय? नसल्यास, ज्या संस्थेस आहे तिच्याशी तुमचा संबंध आहे काय?” व्यसन लागेल ही भीती आपल्या समाजात फार आहे. योग्य देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेल्या मात्रेने रोगी व्यसनी होतो, ही समजूत तज्ज्ञ मंडळी मानीत नाहीत. ज्याचे दिवस मोजलेले आहेत त्याच्या व्यसनाची चिंता करीत त्यास तळमळत ठेवावे, यात धर्म कोणता? साधी गोळी असेल तर ती घड्याळाप्रमाणे, बहुधा चार-चार तासांनी द्यावयाची असते, मागितल्यावर नव्हे. आणि या औषधाने मलावरोध हटकून होतो, तेव्हा त्याबरोबर रेचक दिले जाते. रेचकाचा शब्दही न काढता जो मॉर्फिन देतो, त्यास हे काम येत नाही असे खुशाल समजावे.

आमच्या एका वृद्ध आप्तांस जबड्याचा कर्करोग झाला होता. जवळच्याच एका संस्थेत त्यांस ठेविले. नाव घेत नाही. महिन्याचे पैसे आगाऊ घेतले, पावती मिळाली नाही. रात्री अकरा रुग्णांस एक मावशी, आणि वेदनेच्या गोळ्यांच्या कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या बाईंच्या पर्समध्ये, त्यांच्या घरी! नवव्या दिवशी सुनेने पाठ पाहिली तो जखम पडलेली. तिने त्यांस घरी आणले व घरी येऊन पाहणाऱ्या एका उपशामक पथकाची मदत घेतली. त्या पथकातील परिचारिकेने तिला दर दोन तासांनी कूस कशी बदलावी, तोंड आतून ओल्या कापसाने कसे पुसावे, हे हाताला धरून शिकविले. वेदनेस शून्य ते दहा असे गुण द्यावयास सांगितले. सून ते भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकोनांत लिहीत असे. आम्ही समाचारास गेलो तेव्हा ती दिनदर्शिका आम्ही पाहिली: आठ, आठ, नऊ, सहा, चार, तीन, तीन. जन्मभर गुणपत्रिका लिहिल्या, पण गुण उतरत गेल्याचा आनंद आम्हांस तेवढ्याच एका कागदावर झाला. ते आप्त पुढे तेवीस दिवस होते. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पातळ पिठले मागून घेतले व वाटणीच्या कागदांविषयी मुलांशी स्वतः बोलले. नऊ गुणांच्या वेदनेत माणूस वाटणीचे बोलू शकत नाही, आणि निरोपाचेही नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्या राज्यात १९४९ पासून आहे व २०२१ साली त्याचे नवे नियम झाले. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागी लावलेले असावे लागते. ते पाहावे, त्यावरील मुदतही पाहावी. परिचारिका नोंदणीकृत आहे काय, हे विचारण्यात संकोच नको. पैशाची पावती घ्यावी. आणि तेथे असलेल्या एखाद्या अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या नातलगास बाहेर चहास नेऊन विचारावे. आत तो बोलणार नाही.

रोग्यास सत्य सांगावे की नाही, हा आपल्या घराघरांतील तंटा आहे. चांगले पथक रोग्यापाशी खुर्ची ओढून बसते आणि त्यास किती जाणून घ्यावयाचे आहे हे त्यासच विचारते. बहुतेकांस आतून कळलेलेच असते. घरचे दुखावतील म्हणून ते बोलत नाहीत, आणि ते दुखावतील म्हणून घरचे बोलत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, आपल्या अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. २०२३ साली त्याची रीत सोपी केली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. ज्या संस्थेस याची माहितीही नाही ती रोग्याचे ऐकण्यास कितपत सिद्ध असेल, याचा अंदाज करावा.

कर्करोगाखेरीज इतर दुखण्यांच्या घरांची अडचण अधिक आहे. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, थकलेले मूत्रपिंड यांत महिने नव्हे, वर्षे जातात, आणि विनामूल्य जागा फार थोड्या. येथे केरळाकडे पाहावे. १९९३ साली कालिकतच्या काही डॉक्टरांनी असे काम सुरू केले आणि पुढे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हाती घेतले. आठवड्यातून काही तास देणारे साधे लोक थोडे शिक्षण घेऊन रोग्याच्या घरी जातात. २००८ साली त्या राज्याने याविषयी धोरणच जाहीर केले.

आता कार्यकारी मंडळास दोन गोष्टी सुचवितो. आपला वैद्यकीय साहाय्य निधी शस्त्रक्रियेस रक्कम देतो. ज्याची शस्त्रक्रिया होणे नाही त्यास काही देत नाही. पाण्याची किंवा हवेची गादी, वर-खाली होणारी खाट, रात्रपाळीच्या मावशीचे पंधरा दिवसांचे वेतन, यांस तो निधी खुला व्हावा. खाट आणि गादी संस्थेनेच घेऊन घरोघर फिरती ठेवावी. एका घरचे काम झाले की दुसऱ्या घरी. दुसरे असे की, या भागातील शुश्रूषेच्या संस्था आपणच आळीपाळीने पाहून, वर सांगितलेले प्रश्न विचारून, उत्तरे एका वहीत लिहून ठेवावी. वही चिटणीसांकडे राहील. ज्याच्यावर वेळ येईल त्याने ती वाचून निर्णय करावा; चौकशीसाठी त्यास रात्री वणवण करावी लागू नये.

आणखी एक काम आहे. ज्या घरी असा रोगी आहे तेथील सून किंवा लेक दोन-दोन महिने उंबऱ्याबाहेर पडत नाही. रविवारी तीन तास आपल्यापैकी एकाने जाऊन रोग्यापाशी बसावे, म्हणजे ती न्हाऊन बाजारात जाऊन येईल. यास डॉक्टर लागत नाही. तीन नावे आमच्यापाशी आली आहेत, त्यांपैकी दोन भगिनींची आहेत. इतर ज्यांस यावयाचे असेल त्यांनी भोजनापूर्वी दाराशी ठेवलेल्या वहीत आपले नाव व सोयीचा वार लिहावा.