धीर देणारी माणसे



घरात कोणी अंथरुणाला खिळले म्हणजे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. बहुतेक जण दारातूनच "अहो, काही काळजी करू नका, सारे ठीक होईल," असे मोठ्याने म्हणतात आणि चहा घेऊन निघून जातात. एखादाच असा येतो की फारसे बोलत नाही. उशाशी बसतो, औषधाची वेळ विचारून घेतो, रात्री थांबतो. त्याच्या येण्याने मात्र घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. असे का व्हावे? याचे उत्तर मला भामरागडच्या जंगलातल्या एका हकिकतीत सापडले.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा झाला तो १९८२ साली. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी तेथे राहावयास गेले. वीज नाही, धड रस्ता नाही. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की जगाशी संबंध तुटे.

दवाखाना मांडला, पण रोगी येईनात. माडिया लोकांचा विश्वास गावच्या मांत्रिकावर. अंगभर कपड्यातला परका माणूस दिसला की ते रानात पळून जात. आता सांगा, अशा माणसाला तुम्ही धीराचे शब्द कोणत्या भाषेत ऐकवणार? माडिया भाषा या डॉक्टरांना येत नव्हती आणि मराठी त्या लोकांना कळत नव्हती.

या दोघांनी मग काय केले? ते तेथेच राहिले. एकेक शब्द विचारत माडिया भाषा शिकले. डॉ. प्रकाश यांनी अंगावरचे शहरी कपडे उतरवले, अर्धी चड्डी आणि बनियन एवढाच वेश ठेवला आणि तो पुढे कायमचा झाला. सुरुवातीच्या रोग्यांपैकी एक मुलगा होता. फेफरे येऊन तो आगीत पडला होता, भाजलेल्या जखमा चिघळल्या होत्या. त्याच्या घरच्यांनी आशा सोडली होती. रोज जखमा धुणे, रोज मलमपट्टी, असे चालले आणि तो मुलगा बरा झाला. ही बातमी पाड्यापाड्यांतून गेली. मग लोक कोसच्या कोस चालून येऊ लागले. चालता न येणाऱ्याला खाटेवर घालून आणू लागले.

त्या डॉक्टरांना भीती वाटली नसेल का? वाटली असलीच पाहिजे. कंदिलाच्या उजेडात, पूर्वी कधी न केलेले उपचार पुस्तकात पाहून करायचे, म्हणजे काही थोडी गोष्ट नव्हे. परंतु समोरचा घाबरलेला जीव वैद्याचे बोलणे ऐकत नसतो, त्याचा चेहरा आणि हात पाहत असतो. हात थरथरला नाही की रोग्याला अर्धा धीर तिथेच येतो. सारे काही येते असा आव आणावा लागत नाही. "मी इथे आहे, जाणार नाही," एवढे वागण्यातून कळले तरी पुरे होते.

असा धीर एकाकडून दुसऱ्याकडे जातो, ही त्यातली मोठी गंमत. १९७६ साली हेमलकशाला शाळा निघाली. ज्यांचे आईबाप डॉक्टरला पाहून पळत, त्यांच्यातलीच मुले त्या शाळेत शिकून पुढे शिक्षक झाली, डॉक्टरदेखील झाली. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर या कामाला चौतीस वर्षे झाली होती.

आपल्यापैकी प्रत्येकाला काही जंगलात जायचे नाही. पण नापास झालेला मुलगा, नोकरी सुटलेला शेजारी, पीक बुडालेला भाऊ आपल्या अवतीभवती असतोच. त्याला उपदेश करण्याआधी घटकाभर त्याच्या शेजारी बसावे. आणि मुख्य म्हणजे, उद्या पुन्हा यावे.