प्रवरेच्या काठाने : भंडारदरा ते प्रवरासंगम

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, पावसाच्या बाबतीत दोन टोकांना विभागलेला आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यातील घाटघर आणि रतनवाडी ही गावे सह्याद्रीच्या ऐन धारेलगत असल्याने तेथील पाऊस एखाद्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो; उलट त्याच जिल्ह्याचा मध्य आणि पूर्व भाग पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगरांनी पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहणाऱ्या पट्ट्यात येतो आणि तेथे सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी वर्ष चांगले गेले असे मानतात. ही दोन टोके जोडणारी नदी म्हणजे प्रवरा. रतनगडाच्या परिसरात उगम पावून, भंडारदरा आणि निळवंडे या दोन जलाशयांतून पुढे सरकत, अकोले, संगमनेर, कोल्हार, बेलापूर आणि नेवासे ही गावे मागे टाकून ती प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. या नदीच्या काठाने आणि तिच्या पहिल्या जलाशयाभोवती सायकलप्रवासाचे मार्ग कसे आखता येतील, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात केला आहे. पाण्याची ही सारी व्यवस्था सलग पाहायची, तर सायकलीइतके योग्य वाहन दुसरे नाही, हा या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा आहे.

असे म्हणण्याचे कारण वेगात आहे. मोटारीतून अकोल्याहून शेंडीला जाणारा प्रवासी तासाभरात पोहोचतो आणि वाटेतील बदल त्याच्या लक्षात येण्याआधीच मागे पडतात. पायी जाणाऱ्याला तो बदल दिसतो, पण एका दिवसात त्याचा आवाका येत नाही. ताशी बारा ते पंधरा किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला उसाचा मळा संपून बाजरीचे रान कोठे लागते, बाजरी सरून भातखाचरे कोठे सुरू होतात आणि हवेतला ओलावा कोठे वाढतो, हे एकाच दिवसात अनुभवता येते. शिवाय चढ आणि उतार त्याला पायांनीच मोजावे लागत असल्याने, पाणी कोठून कोठे आणि का वाहते, हे त्याला नकाशाशिवाय उमगते.

पहिला मार्ग भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा आहे. प्रवरेवरील या धरणाचे बांधकाम 1910 मध्ये सुरू होऊन 1926 मध्ये पूर्ण झाले आणि मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला देण्यात आले. सुमारे 82 मीटर उंचीची ही दगडी भिंत त्या काळातील एक मोठे धाडस होते, आणि तिच्यामागे साठणारे सुमारे अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाणी गेली जवळपास शंभर वर्षे खालच्या खोऱ्यातील शेतीचा आधार राहिले आहे. धरणाजवळच्या शेंडी गावातून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे आणि मुतखेल असा फेरा करून पुन्हा शेंडीला येणारा रस्ता चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटरच्या दरम्यान भरतो, आणि सरावाचा सायकलस्वार थांब्यांसह तो एका दिवसात आरामात पुरा करू शकतो.

हा फेरा कोणत्या दिशेने करावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी प्रवासाची सारी गोडी त्यावर ठरते. शेंडी जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. तेथून सकाळी उत्तर काठाने मुरशेतकडे निघाल्यास ऊन पाठीवर येते, दुपारनंतर दक्षिण काठाने रतनवाडीहून परतताना सूर्य पुन्हा पाठीशीच असतो, आणि पश्चिमेकडून वाहणारा पावसाळी वारा जाताना अडवत असला तरी अंगात थकवा भरलेला असताना तोच परतीला हात देतो. याखेरीज भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे या दिशेने जाणाऱ्याच्या डाव्या हाताला सतत पाणी राहते आणि सायकलस्वार व जलाशय यांच्यामध्ये समोरून येणारी वाहने येत नाहीत. जपानमधील बिवा सरोवराभोवतीच्या सुमारे दोनशे किलोमीटरच्या प्रसिद्ध सायकलमार्गावरही, तेथे डाव्या बाजूची वाहतूक असल्याने, याच कारणासाठी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जाण्याची शिफारस केली जाते.

या फेऱ्यातील दोन ठिकाणी सायकल बाजूला लावून थांबलेच पाहिजे. घाटघरचा कोकणकडा हे त्यांपैकी पहिले. येथे पठार एकाएकी संपते आणि खाली कोकणाची जमीन दिसते. उंचीतील या तफावतीचा उपयोग घाटघरच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पात केला आहे. उदंचन म्हणजे विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी पंपांनी वर चढवून ठेवणे आणि मागणी वाढली की तेच पाणी जनित्रांवर सोडून वीज निर्माण करणे. 250 मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प त्या पद्धतीवर चालतो. दुसरे ठिकाण रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर. शिलाहारकालीन मानले जाणारे हे मंदिर, त्याच्या भिंतींवरील बारीक कोरीव काम आणि जवळची चौकोनी पुष्करणी, म्हणजे पायऱ्यांनी बांधलेले कुंड, पाहताना एक गोष्ट जाणवते. धरणाच्या कितीतरी शतके आधी, याच नदीच्या उगमाशी, पाणी दगडात बांधून जपण्याची कला येथील कारागिरांना साधली होती.

मार्गावरील बहुतेक वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहे. जुलैत आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, चालू असते, तेव्हा गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बाया पाठीवरचे इरले किंवा प्लास्टिकचा कागद न सावरता पेंढीतील रोपे चार-चार काड्यांनी रोवत मागे सरकत असतात. उन्हाळ्यात येथल्या अंगणांत बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, वाळत पडलेला दिसतो. ही चित्रे पाहून पुढे जाणाऱ्याने एका विसंगतीचीही नोंद घेतली पाहिजे: जलाशय डोळ्यांसमोर असूनही उंचावरच्या कित्येक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी वणवण करावी लागते, कारण अडवलेले पाणी उताराने खालच्या लाभक्षेत्राकडे जाते आणि वर चढवायचे तर त्यासाठी वेगळी योजना लागते.

दुसरा मार्ग या खाली जाणाऱ्या पाण्याचा माग घेणारा आहे. शेंडीहून निघून रंधा धबधबा, राजूर, अकोले, संगमनेर, लोणी, कोल्हार, बेलापूर, श्रीरामपूर आणि नेवासे या गावांवरून प्रवरासंगमला पोहोचणारा हा प्रवास दीडशे ते दोनशे किलोमीटरच्या दरम्यान असून तीन दिवसांत तो सुखाने होतो. भंडारदऱ्याची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर, तर प्रवरासंगमपर्यंत फुगवटा येणाऱ्या जायकवाडीची पातळी सुमारे 464 मीटर आहे. म्हणजे एकूण उतार तीनशे मीटरहून कमी असून त्याचा मोठा भाग धरणाची भिंत, रंधा धबधबा आणि निळवंड्यापर्यंतच्या खडकाळ पात्रातच संपतो. म्हणून पहिल्या दिवशी चढ-उतार पुष्कळ लागतात आणि अकोल्याच्या पुढे रस्ता जवळजवळ सपाट होतो. युरोपात डॅन्यूब नदीकाठचा पासाऊ ते व्हिएन्ना हा मार्ग बहुतेक सायकलस्वार प्रवाहाच्या दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, कारण उतार आणि वारा दोन्ही त्यांच्या बाजूने असतात. पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना प्रवरेच्या खोऱ्यातही हेच घडते. थंडीत मात्र वारा पूर्वेकडचा होतो, त्यामुळे सप्टेंबरचा उत्तरार्ध, जेव्हा डोंगर हिरवे आणि पठारे रानफुलांनी भरलेली असतात, हा या प्रवासाचा उत्तम काळ ठरतो.

या मार्गावर नदीइतकाच तिच्या काठचा माणसाचा वावर जुना आहे. संगमनेरच्या पूर्वेला असलेल्या जोर्वे येथे 1950-51 मध्ये उत्खनन झाले आणि तेथील तांबूस, काळ्या नक्षीच्या मृद्भांड्यांवरून दख्खनच्या एका ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या, शेतकरी संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नाव मिळाले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे 1974 मध्ये ब्राँझच्या ज्या चार मूर्ती सापडल्या, त्यांत बैलांची जोडी जुंपलेला दोन चाकांचा रथ आहे. या मूर्तींच्या कालनिश्चितीबद्दल विद्वानांत मतभेद असले, तरी चाकावरून जाणारा माणूस या खोऱ्याला फार प्राचीन काळापासून परिचित आहे, हे त्यावरून मानता येते. लोणी-प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला तो भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या बळावर. आणि शेवटी लागणारे नेवासे तर ज्ञानेश्वरीच्या निर्मितीचे स्थान म्हणून मराठी मनात कायमचे कोरलेले आहे.

खालच्या टप्प्यात मोठ्या रस्त्याला एक पर्याय आहे, तो कालव्यांच्या कडेच्या सेवारस्त्यांचा. संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापासून प्रवरेचे डावे आणि उजवे असे दोन कालवे निघतात. 2023 मध्ये निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाल्याने त्यांत आणखी एका पाटाची भर पडली आहे. पाणी केवळ उताराने वाहावे म्हणून कालव्याला अत्यंत मंद उतार दिलेला असतो, आणि त्याच्या भरावावरचा रस्ताही तितकाच सौम्य राहतो. लहान मुले आणि वयस्क माणसे यांना यापेक्षा सोयीची वाट मिळणे कठीण. आवर्तन, म्हणजे ठरावीक काळ पाणी सोडण्याची पाळी, सुरू असेल तर पाट दुथडी भरून वाहतो आणि चाऱ्या-पोटचाऱ्यांवर दारे धरणारे शेतकरी भेटतात. हे रस्ते जलसंपदा विभागाच्या ताब्यात असल्याने त्यांचा वापर रीतसर परवानगीने, कठडे आणि फलक लावूनच व्हावा.

सावधगिरीच्या बाबतीत तीन गोष्टींवर तडजोड नको. गळीत हंगामात उसाच्या टायरगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, म्हणून दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावा. भंडारदरा परिसर 1986 मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याशी निगडित असल्याने, विशेषतः मे-जूनमधील काजव्यांच्या दिवसांत, प्रखर दिवे आणि गोंगाट वर्ज्य मानावेत. काजव्यांचे मीलन त्यांच्या प्रकाशसंकेतांवर चालते आणि कृत्रिम उजेड ते संकेत बुडवतो. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी मोटारींची गर्दी एवढी असते की सायकलप्रवासासाठी आठवड्याचे मधले दिवसच निवडावेत.

अशा मार्गांसाठी नवे रुंद रस्ते किंवा सिमेंटची विश्रामस्थळे उभारण्याची गरज नाही. आहे त्या रस्त्यांची खडी दाबून घेणे, दिशा आणि अंतर सांगणारे मराठी फलक लावणे, गावोगावी पंक्चर काढून देणारा एक हात तयार करणे आणि घरगुती जेवण व मुक्कामाची सोय गावातील बचत गटांकडे सोपवणे, एवढे झाले तरी मार्ग उभा राहतो. जो रस्ता परगावच्या सायकलस्वाराला सुरक्षित असतो तोच रोज शाळेत सायकलीने जाणाऱ्या मुलीलाही सुरक्षित असतो, म्हणून हा खर्च केवळ पर्यटनाच्या खात्यात मांडणे चुकीचे ठरेल. प्रवरेने वरच्या गावांचे पाणी खाली नेले आणि खालचे खोरे समृद्ध झाले. सायकलमार्गांच्या निमित्ताने त्या समृद्धीचा थोडा तरी वाटा, मानाच्या रोजगाराच्या रूपाने, घाटघर-रतनवाडीकडे परत वळावा, आणि मार्ग आखणाऱ्यांनी हीच आपल्या कामाची पहिली कसोटी मानावी.