जुने टायर आणि परसातील भाजी



पुण्याहून सोलापूर व उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग बसवकल्याण तालुक्यातून जातो. या रस्त्यावर रात्रंदिवस लाऱ्यांची रीघ असते आणि जेथे लाऱ्या आहेत तेथे टायर झिजणारच. पंक्चरवाल्याच्या टपरीमागे, गॅरेजच्या अंगणात, पेट्रोल पंपाच्या कुंपणापाशी झिजलेल्या टायरांचे ढीग दिसतात. ज्यांचा सांगाडा शाबूत आहे ते नवा पट्टा चढवून पुन्हा रस्त्यावर धावतात. उरलेले भंगारात जातात किंवा गावात येतात.

गावाला टायर परका नाही. लोखंडी धावेच्या जागी बैलगाडीला रबरी चाके आली, तेव्हा लोकांनी तिला 'डनलॉप गाडी' हे कंपनीचेच नाव देऊन टाकले. टायरच्या तळव्याची चप्पल शेतकऱ्याच्या पायात वर्षानुवर्षे टिकते. फुगवलेल्या ट्यूबवर मुले विहिरीत पोहायला शिकतात. वावटळीत पत्रे उडू नयेत म्हणून गोठ्याच्या छपरावर टायर ठेवण्याची चालही सर्वत्र आहे. अशा या वस्तूत माती भरून तिच्यात मिरची, वांगी, टोमॅटो घेता येतात. घराला जागा थोडी, जमीन खडकाळ आणि पाणी बेताचे असेल, तेथे या युक्तीचा उपयोग होतो. मात्र तिच्यात दोन धोके आहेत व ते समजून घेतल्याशिवाय टायर अंगणात आणू नये.

पहिला धोका डासांचा आहे. टायर कसाही ठेवा, उभा, आडवा वा तिरका, त्याच्या पोकळ कडेत पावसाचे थोडे पाणी अडकून राहतेच. ती जागा सावलीची व वाऱ्यापासून आडोशाची असते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरविणाऱ्या एडिस डासाच्या मादीला नेमकी अशीच जागा हवी असते. ती अंडी पाण्यावर सोडीत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर टायरच्या आतल्या ओलसर अंगाला चिकटविते. पाणी आटले तरी ही अंडी मरत नाहीत. कित्येक महिने ती कोरडी राहू शकतात आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच उन्हाळाभर कोरडा पडलेला टायर मृगाच्या पहिल्या सरीनंतर पंधरवड्याच्या आत डासांचे घर बनू शकतो.

या अंड्यांच्या चिवटपणाची साक्ष साऱ्या जगाने पाहिली आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन शहरी १९८५ साली आशियाई जातीच्या एडिस डासाची वस्ती आढळली. तो तेथे कसा आला याचा शोध घेता, जपानसारख्या आशियाई देशांतून जहाजाने आलेल्या जुन्या टायरांकडे बोट गेले. जे टायर समुद्र ओलांडून डास नेतात, ते महामार्गावरून गावात आणणार नाहीत असे मानण्यास आधार नाही. छपरावरील टायर तर कोणाच्या नजरेसही पडत नाहीत. आरोग्य कर्मचारी व आशा कार्यकर्त्या घरोघरी रांजण आणि हौद तपासतात, तेव्हा छपराकडेही पाहावे. तेथील टायरला चार बाजूंनी भोके पाडावीत किंवा त्याऐवजी वाळूची पोती ठेवावीत.

मातीने पूर्ण भरलेल्या टायरात डास होत नाहीत, कारण पाणी साचण्यास जागाच उरत नाही. धोका असतो तो अर्धवट भरलेल्या किंवा 'उद्या भरू' म्हणून कोपऱ्यात टाकलेल्या टायरचा. सबब टायर घरी आणल्या दिवशीच तो कापावा, त्यास भोके पाडावीत आणि भरावा. तितकी सवड नसेल तर आणूच नये.

टायर कापणे हे कसबाचे काम आहे. लारीच्या टायरवर १०.००-२० असा आकडा असतो. त्यातील पहिला आकडा रुंदीचा व दुसरा आतल्या तोंडाचा, दोन्ही इंचांत. म्हणजे आतले तोंड अवघे वीस इंच, हातभरापेक्षा थोडे अधिक. ते तसेच ठेवले तर माती भरणे अवघड जाते आणि वरच्या कडेखाली पोकळी राहते. म्हणून वरची बाजूभिंत पूर्ण कापून काढावी. मग तोंड दीड-पावणेदोन हात रुंद होते आणि दहा-बारा घमेली माती सहज मावते. नायलॉनच्या धाग्याचा टायर धारदार सुरीने कापतो. सुरीला साबणाचे पाणी लावीत राहिल्यास ती अडकत नाही. पोलादी रेडियल टायरच्या पट्ट्याखाली तारांची जाळी असते, त्या पट्ट्याला हात लावू नये. कोणत्याही टायरच्या आतल्या काठात पोलादी तारांचा जाड कडा असतो, तोही सुरीने कापत नाही. कापताना कडा सोडून मधल्या नरम भिंतीतूनच सुरी फिरवावी. तारा उघड्या पडलेला टायर मुलांच्या वावराच्या ठिकाणी मुळीच वापरू नये. गावातील चर्मकार कारागिरांचा हात या कामाला बसलेला असतो. समगार शरण हरळय्यांची स्मृती जपणाऱ्या बसवकल्याणात या कारागिरीची थोरवी वेगळी सांगावयास नको. चार पैसे देऊन त्यांच्याकडूनच टायर कापून घेणे अधिक शहाणपणाचे.

खालची भिंत तशीच ठेवावी, पण तिला बोटभर रुंदीची सहा-सात भोके पाडावीत. टायर उघड्या जमिनीवर मांडावा, म्हणजे जादा पाणी खाली जिरते आणि मुळांनाही खाली वाट मिळते. धाब्याच्या घरावर मात्र ओल्या मातीचे ओझे चढविण्यापूर्वी दहादा विचार करावा. एका लारीच्या टायरातील भिजलेली माती अडीचशे किलोपर्यंत भरू शकते.

मातीच्या बाबतीत या भागात एक अडचण आहे. शेतातील काळी माती सुपीक खरी, पण ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. नुसती काळी माती भरली तर उन्हाळ्यात ती टायरच्या कडेपासून सुटते व घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. बिदरच्या पठारावरील तांबडी जांभ्याची माती मोकळी असते, पण तिच्यात ओल टिकत नाही. दोन्ही मिसळाव्यात आणि जितकी माती तितकेच कुजलेले शेणखत व पालापाचोळा घालावा. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळा कुजवून सकस माती घडविण्यावर भर दिला होता. मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचेच खत करून भाजीपाला व फळझाडे वाढविली. भांडे कोणते, हा प्रश्न त्या मानाने गौण आहे.

आता दुसरा धोका. टायरचे रबर म्हणजे केवळ झाडाचा चीक नव्हे. त्यात कृत्रिम रबर, काजळी, खनिज तेल, गंधक व जस्ताचे ऑक्साइड असते. जस्ताची चिंता येथे फारशी नाही. या भागातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनी जस्ताला बांधून ठेवतात, इतक्या की जस्ताची उणीव भरून काढण्यास शेतकरी विकतचे झिंक सल्फेट टाकतात. तेलांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील काही कर्बसंयुगे कर्करोगास कारण होऊ शकतात, म्हणून युरोपीय देशांनी २०१० पासून टायरांतील अशा तेलांवर मर्यादा घातली. शिवाय रबर तडकू नये म्हणून '६-पी.पी.डी.' नावाचे एक द्रव्य त्यात मिसळतात. हवेतील ओझोनशी त्याचा संयोग होऊन जे दुसरे द्रव्य बनते, ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओढ्यांत कोहो सॅमन माशांच्या मृत्यूचे कारण असल्याचे २०२० च्या अखेरीस उघड झाले. त्यानंतर व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी लेट्यूसची पालेभाजी पोषक द्रावणात वाढवून दाखविले की, टायरमधील अशी द्रव्ये मुळांतून शोषली जाऊन पानांपर्यंत पोहोचतात.

हा प्रयोग पाण्यातला होता, मातीतला नव्हता. खतयुक्त मातीत ही द्रव्ये बऱ्याच अंशी अडकून राहतात आणि अखंड टायरातून ती सावकाश सुटतात. म्हणून टायरातली भाजी विषारी असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. हैतीसारख्या दरिद्री देशात स्वयंसेवी संस्थांनी टायरातील भाजीपाला लोकांना शिकविला, तेव्हा समोर भूक उभी होती. पण जेथे निवडीस वाव आहे, तेथे निवड करावी. मेथी, पालक, शेपू, अंबाडी या पालेभाज्या आणि मुळा, गाजर, रताळी ही कंदमुळे जमिनीतील वाफ्यात किंवा मातीच्या कुंडीत घ्यावीत. टायरात फळभाज्या घ्याव्यात. मिरचीची चार रोपे, वांग्याची दोन, किंवा दोडक्याचा वा कारल्याचा एक वेल मांडवावर सोडलेला. रोप कडेपासून वीतभर आत लावावे. झेंडू, मोगरा, गवती चहा यांना तर काहीच आडकाठी नाही. रबर भुरभुरू लागलेला, हाताला काळे लागणारा टायर भाजीसाठी घेऊ नये.

उन्हाळ्यात काळे रबर तापते आणि कडेजवळची मुळे भाजून निघतात. त्यावर उपाय स्वस्त आहे. बाहेरून चुन्याचे दोन हात द्यावेत आणि मातीवर उसाचे पाचट किंवा तुरीच्या भुशाचा चार बोटे थर द्यावा. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडते तसे रबरातून उडत नाही, त्यामुळे रोज पाणी घालण्याचे कारण नाही. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे, कोरडे लागले तरच घालावे. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी उत्तम. कपड्यांच्या सोड्याचे पाणी मात्र काळ्या मातीला मारक असते. त्यातील सोडियमने ती दगडासारखी घट्ट होते.

शाळांच्या परसबागांत टायर रंगवून मांडण्याची हौस अलीकडे वाढली आहे. रंगाहून उपयोगी गोष्ट म्हणजे दर शनिवारी पाचवी-सहावीच्या मुलांनी प्रत्येक टायराभोवती फिरून साचलेले पाणी शोधणे आणि अळी सापडल्यास काचेच्या बरणीत वर्गाला दाखविणे. विज्ञानाचा तो तास मुले घरी घेऊन जातात आणि त्या दिवशी घरच्या छपरावरचा टायरही खाली येतो.

काही वर्षांनी टायर उन्हाने तडकतो. तेव्हा त्यातील माती फुलझाडांच्या आळ्यात ओतावी आणि टायर भंगारवाल्याकडे द्यावा. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी टायर बनविणाऱ्यांवर टाकली आहे, त्यामुळे भंगारातील टायरलाही आता वाट आहे. तारेच्या लोभाने, शिमग्याच्या होळीत किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणात तो जाळू नये. मातीत वर्षानुवर्षे सावकाश सुटणारी द्रव्ये त्या धुरातून घटकाभरात साऱ्या गल्लीच्या छातीत जातात.