राहायला जागा पाहताना
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात शिक्षकाने अभ्यासावर बोलावे असा रिवाज आहे. मुलांची हजेरी, मोबाईल आणि दहावीचे गणित यांवर मी मागची दोन वर्षे बोललो. त्यातले किती घरी पोहोचले हे हजेरीपत्रकावरून मला कळतेच. म्हणून आज विषय बदलतो. आज मी घराविषयी बोलणार आहे.

दरवर्षी मे-जूनमध्ये जे पालक शाळा सोडल्याचा दाखला काढायला येतात, त्यांना आम्ही सहज विचारतो की कुठे निघालात. पुष्कळांच्या तोंडून एकच नाव येते, मुंब्रा. नगरहून आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड करीत एस.टी. कल्याणला उतरवते आणि तिथून लोकलने डोंबिवली, कोपर, दिवा झाले की मुंब्रा. भिवंडीच्या गोदामात, ठाण्याच्या दुकानात किंवा नवी मुंबईत काम मिळते. मुंबईत खोली परवडत नाही, मुंब्र्यात परवडते. शिवाय तिथे कोणी ना कोणी नातलग असतोच. मग घरात प्रश्न निघतो की बायकामुलांना न्यावे का? जागा सुरक्षित आहे का? आणि मास्तर शिकलेले आहेत म्हणून तो प्रश्न माझ्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला हेच विचारले होते. मी तोपर्यंत मुंब्र्याला दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा लग्नाला. बिर्याणी खाऊन परत आलो होतो. तरी मी म्हणालो, "खुशाल जा चाचा, चांगली वस्ती आहे, आपलेच लोक आहेत." त्यांनी गावाकडची जमीन विकून फ्लॅट घेतला. तिसऱ्या पावसाळ्याआधी महापालिकेची नोटीस लागली. इमारत अतिधोकादायक, खाली करा. भर पावसात सामान टेम्पोत भरून ते कुटुंब एका नातलगाच्या खोलीत गेले. मुलगा दहावीला होता. तो नगरला दादाजानकडे परत आला आणि पुन्हा आमच्याच वर्गात बसला. त्याच्या वडिलांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण त्या वर्षी त्या बाकाकडे पाहून शिकवणे मला जड गेले. जे पाहिले नाही त्याविषयी मी सल्ला दिला होता. त्यानंतर मी या विषयात जे पाहिले, विचारले आणि वाचले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मुंब्रा वाईट आहे असे सांगायला मी उभा नाही. त्या गावाची बदनामी करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिलेले असते. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबे जीव मुठीत धरून तिथे आली, कारण शेजारपाजारच्या भरवशावर निर्धास्त झोप लागेल अशी जागा त्यांना हवी होती. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधून रेल्वे, आणि त्या पट्ट्यात पाहता पाहता शहर उभे राहिले. आज तिथे शाळा आहेत, कॉलेज आहे, कौशात मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचे स्टेडियम आहे. 'परचम' नावाच्या गटातल्या मुली तिथे फुटबॉल खेळू लागल्या आणि मुलींना खेळायला मैदान हवे म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या. वस्ती सुरक्षित आहे की नाही हे ओळखण्याची ही माझी एक खूण आहे. संध्याकाळी मुली मैदानावर दिसतात का ते पाहा. (आपल्या नगरमध्ये किती दिसतात, हे विचारायला आज वेळ नाही.)

तथापि सुरक्षितता म्हणजे काय, याचा विचार आपण एकाच अंगाने करतो. दंगल, मारामारी, चोरी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. माणसाचे भय माणसाचेच असते. पण त्या पट्ट्यातल्या गेल्या काही वर्षांतल्या मृत्यूंकडे पाहिले तर आपण ज्याला भितो त्याने माणसे मेलेली नाहीत. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती. इमारत अनधिकृत होती, काही महिन्यांत घाईघाईने चढवलेली होती, आणि वरचे बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती. 9 जून 2025 रोजी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर, गर्दीमुळे लोकलच्या दाराला लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले. ते सकाळी कामाला निघालेले लोक होते. कोणाचे कोणाशी वैर नव्हते.

आता पाण्याकडे वळतो, कारण आपण नगरकर तिथेच फसतो. आपला जन्म दुष्काळात गेला. पाणी कमी पडणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको, पण पाणी जास्त होणे आपल्याला कळत नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे नगरला अख्ख्या वर्षात याहून कमी पडतो! मुंब्र्याची खाडी म्हणजे उल्हास नदीचे शेवटचे अंग. बदलापूर, कल्याणकडे पडलेला पाऊस तिच्यातून खाली येतो. 27 जुलै 2019 रोजी याच उल्हासच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढले आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. वरून असे पाणी येत असताना खालून समुद्राची भरती आली, तर गटारे उलटी वाहतात. पाण्याला जायला वाटच नसते. ज्या गल्लीत मे महिन्यात क्रिकेट चालते, तिथे जुलैत गुडघाभर पाणी असते ते असे.

आणि ही भरती केव्हा मोठी असते हे ओळखायला आपल्याला वेगळे शिकावे लागत नाही, कारण आपल्या घरात चाँदची तारीख सगळ्यांना पाठ असते. चाँद दिसल्यावरचे दोन-तीन दिवस, आणि पुन्हा चौदा-पंधरा तारखेपासूनचे दोन-तीन दिवस, भरती सर्वांत मोठी असते. मुंबईला ती त्या दिवसांत साधारण दुपारी बारा-एकच्या सुमारास आणि पुन्हा रात्री येते. दर दिवशी ती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. तेव्हा खाडीकाठची जागा पाहायला जायचेच असेल, तर जुलै महिन्यात चाँदच्या पंधरा तारखेला भर दुपारी जा. पाऊस असेल तर फारच उत्तम. भिजाल, पण लाखो रुपये वाचतील.

हे शहाणपण माझे नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांना भिवंडीत नोकरी लागली, तेव्हा जागा पाहायला मी त्यांच्याबरोबर गेलो. मागचा अनुभव असल्यामुळे या वेळी न पाहता बोलायचे नाही असे ठरवले होते. एप्रिल होता. फ्लॅट तळमजल्यावर, दोन खोल्या, स्वच्छ फरशी, मशीद जवळ, शाळा जवळ. दाखवणारा एजंट आमच्याच बोलीत बोलणारा, नम्र, प्रत्येक वाक्याला इन्शाअल्ला. दूल्हेभाईंनी बयाण्याचे पैसे खिशातून काढलेसुद्धा. तेवढ्यात समोरच्या दारातल्या एक वृद्ध खाला मला म्हणाल्या, "बेटा, कपाट के नीचे ईंटां कायकू रख्यां, पूछो ना उसकू." मी वाकून पाहिले. त्यांच्या घरात कपाट, पलंग, पीठाचा डबा, सगळे विटांवर चढवलेले होते. आम्ही पाहत होतो त्या खोलीच्या भिंतीला ताजा रंग होता, पण दाराच्या चौकटीला वीतभर उंचीपर्यंत लाकूड फुगलेले होते. रंगाऱ्याला ते झाकता आले नव्हते.

मग मी कागद मागितले. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेला करार पुढे आला. नोंदणी नाही. भोगवटा प्रमाणपत्र नाही. "इधर सब ऐसाच चलता है, सर," एजंट म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, तिथे बरेच व्यवहार खरोखर तसेच होतात. पण तसे चालते म्हणूनच चाचांना सामान टेम्पोत भरावे लागले.

विद्यार्थी मित्रांनो, हे तुम्हीही ऐका, कारण घरातले कागद वाचण्याचे काम पुढेमागे तुमच्याकडेच येणार आहे. नोटरी केलेला करार म्हणजे नोंदणीकृत खरेदी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते, आणि त्याआधीच्या खरेदी-विक्रीची नोंद तिथे शोधून पाहता येते. इमारत बांधायला परवानगी होती का हे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रावरून कळते, आणि ती मंजूर नकाशाप्रमाणे होऊन राहण्यास योग्य ठरली का, हे भोगवटा प्रमाणपत्रावरून. जमीन कोणाची हे सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर असते. वनखात्याची, सरकारची की खाजगी, तिथे दिसते. 2017 पासून नव्या प्रकल्पांना महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो, आणि तो घरबसल्या तपासता येतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासणी झाली का ते विचारावे, आणि महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची जी यादी काढते ती पाहावी. त्यात सी-1 म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करण्याजोगी. एवढे सगळे जमत नसेल तर एकच करा. एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन विचारा की या फ्लॅटवर कर्ज द्याल का? कर्ज घ्यायचे नसेल तरी विचारा. बँकेने नकार दिला तर का दिला हेही विचारा. कधी कधी बँका नुसत्या वस्तीचे नाव ऐकून तोंड फिरवतात, तो अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण कागद नाही म्हणून नकार असेल, तर तिथे आपला हितचिंतक बँकेचा कारकून आहे, एजंट नव्हे.

"आपले लोक" या शब्दावर थोडे बोलतो, काहींना आवडणार नाही तरी. दंगलीत पोळलेल्या माणसाने आपल्या माणसांत राहायला जावे, यात गैर काही नाही. ज्याने ती रात्र पाहिलेली नाही त्याने त्याला शिकवायला जाऊ नये. माझी खाला 1993 मध्ये मुंबईतली चाळ सोडून मुंब्र्याला गेली. मला त्या वस्तीत तीस वर्षे शांत झोप लागली, असे ती आजही सांगते, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही. परंतु ज्यांनी विनापरवाना मजले चढवून विकले, त्यांच्यापैकीही काही आपलेच होते. नमाजाच्या सफेत शेजारी उभा राहणारा माणूस सिमेंटमध्ये किती वाळू घालतो, हे सफेत कळत नाही. गरज आपली, घाई आपली, आणि विचारायची लाजही आपलीच. कागद मागितला तर त्याला वाईट वाटेल म्हणून आपण गप्प बसतो. ज्याचा व्यवहार चोख आहे त्याला वाईट वाटत नाही. तो झेरॉक्स काढून देतो.

पुरुषांनी एकट्याने जागा पाहू नये असेही माझे मत झाले आहे. पुरुष रविवारी दुपारी जातो, चहा पितो आणि भाव ठरवतो. बाई विचारते की पाणी किती वाजता येते, रात्रीचे आले तर भरणार कोण, जिन्यात दिवा आहे का, मुलगी शाळेला जाताना रूळ ओलांडावे लागतात की पूल आहे, रात्री मुलाला ताप आला तर रिक्षा मिळते का, कळव्याच्या महापालिकेच्या रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागतो. तिला बरोबर न्या आणि शेजारणींशी बोलू द्या. तुम्ही सोमवारी सकाळी आठ वाजता मुंब्रा स्टेशनच्या फलाटावर उभे राहा आणि ठाण्याकडे जाणारी एक गाडी जाऊ द्या, मग दुसरी जाऊ द्या. त्या गाडीत रोज चढायचे आहे, वीस वर्षे. घर स्वस्त का पडते, त्याचे अर्धे उत्तर त्या फलाटावर मिळते.

बहिणीचे काय झाले ते सांगून थांबतो. तो फ्लॅट आम्ही घेतला नाही. जुलैत मी मुद्दाम जाऊन आलो. त्या खालांच्या घरात पाणी चौथ्या विटेपर्यंत होते आणि त्या पलंगावर बसून शांतपणे तांदूळ निवडत होत्या. बहिणीने चढावरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने जागा घेतली. भोगवटा प्रमाणपत्र आहे, जागा लहान आहे, आणि पाणी दिवसाआड. दूल्हेभाई सहा महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांच्या मते माझ्या शंकेखोरपणामुळे हातचे घर गेले, आणि आता भाव वाढल्याने घेणे जमत नाही. भाव वाढले हे खरे आहे. भाड्यात दर महिन्याला जे पैसे जातात ते परत येणार नाहीत हेही खरे. मागच्या ईदला ते मला म्हणाले, "भाईजान, एवढे सगळे पाहिले, मग आता घ्यायचे तरी कुठे?" त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि आजही नाही. फक्त त्यांच्या दोन्ही मुलींनी गेल्या दोन पावसाळ्यांत शाळेचा एकही दिवस चुकवलेला नाही, तेवढे मी त्यांना सांगितले.

ज्या पालकांचे यंदा जायचे ठरत आहे, त्यांनी दाखल्याचा अर्ज करण्याआधी जागेचे कागद घेऊन माझ्याकडे यावे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी शिक्षककक्षात असतो. मी वकील नाही, पण कोणता कागद नाही एवढे मला आता ओळखता येते. आणि कृपा करून बयाणा देण्याआधी या, नंतर नको.