भरपाईचा आकडा आणि आपली सही



मोटारीच्या अपघातात जखमी झालेल्या माणसापुढे तडजोडीचा आकडा येतो, तेव्हा घरात ओढाताण चाललेली असते. हॉस्पिटलचं बिल उसनवारी करून भागवलेलं, पायात रॉड, आणि कामावर कधी जायचं याचा पत्ता नाही. आकडा लाखांत असतो, म्हणून जरा हायसं वाटतं. ‘मिळतंय ते पदरात पाडून घ्या, कोर्टात चपला झिजतील,’ असं सांगणारे नातेवाईकही असतातच. त्यांचं अगदीच खोटं नाही. पण हा आकडा आला कुठून, एवढं विचारल्याशिवाय सही करू नये.

ही रक्कम म्हणजे विमा कंपनीने खूश होऊन दिलेली मदत नव्हे. तिच्यामागे ठरलेला हिशेब आहे आणि तो आपल्यालाही मांडता येतो. समजा, ३४ वर्षांचा एक सुतार आहे. स्वतःची कामं घेतो, महिन्याला २० हजार मिळवतो. अपघातात मनगट कायमचं अधू झालं आणि कमाईची ताकद ३० टक्क्यांनी घटली, असं धरू. वर्षाची कमाई झाली २ लाख ४० हजार. तिला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. या गुणकांचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात घालून दिला. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. त्या गुणाकाराचे ३० टक्के म्हणजे ११ लाख ५२ हजार रुपये.

कंपनीचा कागद बहुधा इथंच थांबतो. पण हा सुतार पुढची पंचवीस वर्षं २० हजारांवरच राहिला असता का? २०१७च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे, स्वतःचा धंदा करणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल तर भावी वाढ म्हणून कमाईत ४० टक्के मिळवायचे. तो खटला मृत्यूचा होता. पण कायमचं अपंगत्व आलेल्यांनाही ही वाढ मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. ती धरली की आपल्या सुताराचा आकडा १६ लाख १२ हजार ८०० होतो. एक ओळ गाळली की साडेचार लाखांहून जास्त गेले!

आता ते ३० टक्के. खरी घासाघीस त्यांच्यावरच होते. अपंगत्वाच्या दाखल्यावर पुष्कळदा एका हाताची किंवा पायाची टक्केवारी असते. मग ‘हाताचे चाळीस म्हणजे सगळ्या शरीराचे पंधरा’ असा युक्तिवाद पुढे येतो. २०१०च्या राजकुमार निकालात न्यायालयाने विचारलं ते वेगळंच: हा माणूस करत काय होता, आणि आता काय करू शकतो? डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ सगळी कमाई गमावू शकतो. तसाच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते. तेव्हा दाखल्याबरोबर आपल्या कामाचा पुरावाही फाइलमध्ये हवा: बिलं, बँकेचं पासबुक, ज्यांच्याकडे काम केलं त्यांची साक्ष.

बाकीच्या रकमाही तपासाव्यात: औषधपाणी, काम बुडालेले महिने, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, वेदनांची भरपाई, आणि रॉड काढायच्या पुढच्या ऑपरेशनचा खर्च. हाड जुळून डॉक्टरांनी कायमचं अपंगत्व किती ते सांगण्याआधी केलेल्या तडजोडीत ही शेवटची रक्कम हमखास राहून जाते. ‘मेडिक्लेम मिळालाय ना, मग तेवढे वजा’ असं कुणी म्हणालं, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५चा निकाल सांगा. हप्ते तुम्ही भरलेत. ते पैसे वजा होत नाहीत.

मग तडजोड करूच नये का? जरूर करावी. चूक कुणाची यावरच वाद असेल, कमाईचा कागद एकही नसेल, तर आजचे दहा लाख उद्याच्या पंधरांपेक्षा बरे ठरू शकतात. फक्त त्या दहांत अर्ज केल्यापासूनचं व्याज धरलंय की नाही, ते आधी विचारा. आणि बोलणी लांबतायत म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडचा अर्ज लांबवू नका. कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार कंपनीने नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा असतो. तुम्ही हो म्हणालात, तर न्यायाधिकरण त्याची नोंद करतं आणि तिथून ३० दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाही म्हणालात, तर दाव्याची रीतसर सुनावणी होते.

तडजोड लोकअदालतीत होणार असेल, तर मात्र जास्त जपून. तिथे गर्दी असते, पुकारा झाला की पाच-दहा मिनिटांत विषय संपतो, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आपल्या हिशेबाचा कागद घरूनच लिहून न्या आणि वकिलांना आदल्या दिवशी दाखवा. आकडा पटला नाही, तर तिथे नाही म्हणण्याला दंड नाही. फाइल परत न्यायाधिकरणाकडे जाते आणि पुढची तारीख पडते.