न झालेल्या रोगाची सेवा



रुग्णसेवा म्हटली की रुग्णवाहिका, शस्त्रक्रियागृह, डायलिसिसचे यंत्र डोळ्यांसमोर येते. दानही त्यांनाच मिळते. यंत्रावर दात्याचे नाव लिहिता येते; न झालेल्या रोगावर कसे लिहावे? परंतु मला आज त्याच रोगाविषयी बोलावयाचे आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एका विषाणूच्या दीर्घ संसर्गातून, वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो. त्रास जाणवेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. १९९९ साली तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, सुमारे १ लाख ३१ हजार निरोगी स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत विषाणूची तपासणी, तीही एकदाच, करून पूर्वावस्थेतच उपचार झाले, तेथे या रोगाचे मृत्यू नेहमीच्या व्यवस्थेतील गावांच्या तुलनेत जवळजवळ निम्मे होते. पेशींची तपासणी आणि व्हिनेगर लावून पाहणे याही पद्धती योजल्या होत्या; त्यांनी तेवढा फरक पडला नाही.

तरीही स्त्रिया तपासणीस येत नाहीत. “मला कुठे काय होतंय?” हे उत्तर, आणि संकोच. आता या तपासणीचा नमुना स्त्रीला स्वतःच घेता येतो. जागतिक आरोग्य संघटना ती तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी सुचवते.

सुवर्णमहोत्सवी निधीतून चार खाटा कमी झाल्या तरी चालतील. या तपासणीचा खर्च संस्थेने उचलावा, ही विनंती. आणि पहिली नावे आम्हा डॉक्टरांच्या व विश्वस्तांच्या घरांतून यावीत.